दगड ठेवलेल्या कुंड्या

आमच्या वन्संना माझं काही पटायचं नाही आणि मला त्यांचं. एकतीस वर्षं एका छपराखाली काढली, त्यात एवढ्या एकाच बाबतीत आमचं एकमत होतं. मी चहा केला की तो पाणचट, कपडे वाळत घातले की ते वाकडे, केर काढला की कोपरे राहिलेले. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि तोंडाचा पट्टा कधी थांबवला नाही. सहा वर्षांपूर्वी हे गेले. आमच्या भांडणातला पंच गेला म्हणून भांडणं थांबतील असं शेजाऱ्यांना वाटलं असावं, पण ती वाढली. दोन बायका, तीन खोल्या आणि मागचं अंगण. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

खोटं कशाला बोलू, मला ती भांडणं आवडायची. फक्त हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

वन्संनी सगळी नोकरी एका कॉलेजातल्या वाळक्या झाडांच्या खोलीत केली. लोक डोंगरातून झाडं आणायचे, ती दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली नाव, जागा, तारीख लिहायची, हे त्यांचं काम. माणसांपेक्षा कागदावरची झाडं बरी, ती उलट बोलत नाहीत, असं त्या म्हणायच्या. घरी उलट बोलायला मी होतेच. मी हॉस्पिटलचं भांडार सांभाळलं, अठ्ठावीस वर्षं. चादरी, बाटल्या, बरण्या, कापूस. तिथला नियम सोपा होता. फळीवर रिकामी बरणी दिसता कामा नये. रिकामी झाली की धुवायची, आणि मग पालथी घालायची नाहीतर भरायची. रिकामी बरणी सरळ उभी दिसली की माझ्या हाताला अजून कंड सुटतो. वन्सं मला ‘भांडारवाली’ म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे.

अंगण म्हणजे दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद. मधून पाण्याची उघडी मोरी जायची, तीच आमची सरहद्द. उजवीकडे माझी झाडं. मला जाड, गुबगुबीत पानांची झाडं आवडतात. कोरफड, पानफुटी, गुलाबासारखी घडी घातलेली ती हिरवट-निळी, मण्यांच्या माळा सोडणारी. उन्हाळ्यात सगळीकडे धूळ उडत असते तेव्हाही ती टवटवीत असतात, आणि फार काही मागत नाहीत. वन्सं त्यांना ‘तुझी सुजलेली’ म्हणायच्या.

डावीकडे त्यांची डोंगराची झाडं. नर्सरीत न मिळणारी, कुणी न विचारणारी, अस्सल इथल्या मातीतली. पावसाळ्यात दोन महिने त्यांचा थाट असे आणि तेव्हा वन्सं राणीसारख्या त्यातून हिंडत. उन्हाळ्यात मात्र त्या अंगणात नुसत्या काटक्या. भिंतीच्या पायथ्याशी सात मातीच्या कुंड्या होत्या, त्यांत तर काटकीसुद्धा नसे. पावसाळ्यात त्यांतून बारीक वेली निघत, काठीला धरून चढत, आणि बोटाएवढी अजब फुलं येत. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटा पिंजरा. कंदीलफूल म्हणायच्या त्याला. पाऊस सरला की वेली वाळून जात, वन्सं त्या कापून टाकत आणि प्रत्येक कुंडीवर एकेक काळा दगड ठेवत. मग पुढचे सात-आठ महिने नुसती माती आणि वर दगड. मला वाटायचं, मेल्या. दर पावसाळ्यात वन्सं पिशवी घेऊन डोंगरावर जात, तेव्हा नव्या आणत असतील. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तासभर शिकवणी घेतली असती, आणि ते सुख मला त्यांना द्यायचं नव्हतं.

यंदा उन्हाळा नुकता लागला आणि वन्सं माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला नेताना त्यांनी माझं मनगट धरलं. इतका वेळ वेदनेनं गप्प होत्या, पण तेवढं बोलायला त्यांना जोर आला.

“दगडवाल्या कुंड्यांना पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही. ऐकतेयस का?”

“रिकाम्या कुंड्यांना पाणी घालायला मला काय वेड लागलंय?” मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कर्मचाऱ्यानं गाडी ढकलली आणि दार बंद झालं.

तीन आठवडे हॉस्पिटल, पुढे महिनाभर शुश्रूषा केंद्र. मी रोज दुपारी जायची आणि संध्याकाळी परत यायची. घरी आलं की घर खायला उठायचं. माझ्या चहाला कुणी नावं ठेवेना. शेवटी एक दिवस घोट घेतला आणि मीच मोठ्याने म्हणाले, “पाणचट झालाय.” त्या दिवशी मला कळलं की मला वन्संची सवय झालीय. सवय हा शब्द मी जपून वापरतेय. त्याहून मोठा शब्द वापरायची आमच्यात रीत नव्हती.

त्या घरी येण्याआधी त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं माझ्या मनात आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आलं, आणि तेच नडलं.

त्या सात कुंड्यांकडे मी नेहमीच तिरक्या नजरेनं बघत आले होते. सात रिकाम्या कुंड्या, सरळ उभ्या. म्हटलं, बाई एवढी मोडून-जोडून घरी येणार, मागच्या दारात बसणार, आणि समोर काय बघणार? माती आणि दगड? मी माझी सगळ्यात चांगली सात झाडं काढली. गुलाबासारख्या घडीची ती निळसर जोडी, जिला मी वन्संना हातसुद्धा लावू देत नव्हते, तीही काढली. अंगणात ताडपत्री अंथरली, दगड बाजूला ठेवले आणि एकेक कुंडी पालथी केली. वन्संची माती म्हणजे निम्मी खडी. पिठाची जुनी चाळण आणली आणि सगळी माती चाळून घेतली, अगदी मऊ होईपर्यंत. मला नीटनेटकं काम आवडतं. चाळणीत खडे राहिले, ते रस्त्याच्या कडेला टाकले. काही वाळक्या, चपट्या गाठीही राहिल्या. लहान बटाट्याएवढ्या, मातकट, सुरकुतलेल्या. वाटलं, घुशीबिशीनं काहीतरी आणून पुरलंय. त्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. कुंड्या घासल्या, नवी माती भरली, झाडं लावली. जुनी चाळलेली माती टाकवेना म्हणून पोत्यात भरून ठेवली. संध्याकाळी पायरीवर बसून मी ते सगळं बघत राहिले. इतकं छान दिसत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाणी घालू नकोस म्हणाल्या होत्या. पाणी मी घातलं नाहीच.

तिसऱ्या दिवशी वन्संच्या कॉलेजातले सर आले. जाड भिंगांच्या चष्म्याचे, लाजरे गृहस्थ. वन्संची चौकशी केली, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणाले, “एकदा कंद बघून जातो.” कसले कंद ते मला कळलं नाही, पण अंगण दाखवायची हौस होतीच. मी त्यांना मागे घेऊन गेले. ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मग इकडेतिकडे बघू लागले.

“त्या कुंड्या कुठं हलवल्या?”

“ह्याच की त्या. मी नवीन केल्यात. त्यांना आल्यावर बरं वाटावं म्हणून.”

“आणि आत होतं ते?”

“आत काही नव्हतं हो. माती होती. चार वाळक्या गाठी होत्या, त्या टाकल्या.”

सर पायरीवर बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग वर्गात सांगतात तसं सावकाश सांगितलं. कंदीलफुलाचा वेल पावसाळ्यापुरता. पाऊस गेला की तो वरून मरतो आणि खाली कंद जिवंत राहतो, उन्हाळाभर झोपलेला. तेव्हा पाणी लागलं तर कुजतो, म्हणून बाई वर दगड ठेवतात. खूण म्हणून.

“मग दुसऱ्या आणता येतील ना? वन्सं दर पावसाळ्यात डोंगरावरून आणायच्याच की.”

“आणायच्या नाहीत हो,” सर म्हणाले. “न्यायच्या. इथं धरलेलं बी तिकडे टाकून यायच्या. बावीस वर्षं.”

डोंगराची ती बाजू गेल्या वर्षी नव्या रस्त्यासाठी कापली. सर त्यानंतर जवळपासचे सगळे उतार हिंडले होते, आणि त्यांना हे झाड दुसरीकडे कुठं सापडलं नव्हतं. उरलेलं सगळं आमच्या सात कुंड्यांत होतं. या पावसाळ्यात त्यातले अर्धे कंद पलीकडच्या टेकडीवर लावायचे ठरलं होतं, आणि वन्संनी सरांना बजावून ठेवलं होतं, ‘ते मी माझ्या हातानं लावणार.’

कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते. दोनदा येऊन गेली होती.

पिठाची चाळण पिशवीत घालून मी तशीच गावाबाहेरच्या कचरा डेपोत गेले. तिथं पत्र्याच्या शेडखाली ओल्या कचऱ्याचे लांब ढीग होते, प्रत्येकासमोर पाटीवर खडूनं तारीख लिहिलेली. ढिगांतून वाफा निघत होत्या. हातात लोखंडी पंजा घेतलेली एक बाई ढीग उलथत होती. मी तारीख सांगितली.

“तो? तो मशीनमधून गेला. त्यो बघा तिकडं.”

तिकडे तपकिरी, भुसभुशीत, एकसारखा चुरा पडला होता. मी गुडघ्यांवर बसले आणि चाळायला लागले.

“काय हरवलंय आजी? सोनं?”

“नाही. बटाट्यासारखं आहे काहीतरी. झाडाचे कंद.”

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं पंजा ठेवला आणि समोर येऊन बसली. तासभर आम्ही दोघी चाळत होतो. अंड्यांची टरफलं मिळाली, एक चमचा मिळाला, बाहुलीचा हात मिळाला. शेवटी तिनं चाळण माझ्या हातातून काढून घेतली. “मशीनमध्ये काय राहतं का आजी,” ती म्हणाली. “उठा आता.”

परतताना मी सरांकडे गेले, त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. वन्संना सांगू नका म्हटलं. “मी सांगणार नाही,” ते म्हणाले, “पण तुम्ही सांगा. आणि लवकर.” मी हो म्हटलं. त्या वेळी मला खरंच सांगायचं होतं.

घरी येऊन मी काय केलं तर माझी सातही झाडं उपटून पुन्हा माझ्या बाजूच्या कुंड्यांत लावली. पोत्यातली जुनी माती कुंड्यांत परत भरली, काळे दगड होते तसे वर ठेवले आणि कडेनं फडक्यानं पुसून काढलं. वरून बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं. भांडारात हिशेब लपवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांची मी कधी गय केली नव्हती.

वन्सं घरी आल्या. त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला, तिथून अंगण दिसत नाही. व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी एक मुलगी यायची, उत्साही आणि मोठ्या आवाजाची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “आजी, कुठपर्यंत चालायचंय आपल्याला? ठरवा. ठरवलं की पाय ऐकतात.”

“मागच्या अंगणात,” वन्सं म्हणाल्या. “सातव्या कुंडीपर्यंत. पाऊस पडायच्या आत.”

मग त्या मुलीनं पावलं मोजली. पलंग ते दार अकरा. दार ते स्वयंपाकघर चौदा. स्वयंपाकघर ते पायरी नऊ. पायऱ्या दोन. पुढं अंगणात सात. वन्संनी ते आकडे पाठ केले. वॉकर पुढे सरकवायचा, दात आवळायचे, पाऊल टाकायचं. दुखून डोळ्यांतून पाणी यायचं तरी थांबायच्या नाहीत. मुलगी मला म्हणाली, “यांच्या वयाला दहातली एखादी बाई एवढी चालते. यांना काहीतरी ओढतंय.” मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी अंगणापर्यंत किती पावलं उरली ते मोजायची.

रोज एखाद-दुसरं पाऊल पुढे. मी त्यांच्या मागे खुर्ची घेऊन चालायची आणि ते पाऊल मला माझ्या अंगावर पडल्यासारखं वाटायचं. मी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, “घाई नको करू हं, परत पडतील.” एकदा माझ्या मनात आलं, चार दिवस पाय सुजू दे यांचा. आलं मनात. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथं सांगतेय.

सांगायचा प्रयत्न मी केला, नाही असं नाही. एकदा त्यांचे केस विंचरताना, एकदा जेवताना. तिसऱ्यांदा तर ‘वन्सं, ऐका’ इथपर्यंत आले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“काय गं भांडारवाली, तोंड का पडलंय? घाबरू नकोस, इतक्यात नाही मी जात. कोंब बघितल्याशिवाय तर नाहीच नाही.” आणि हसल्या. “तुला माहितीये, कोंब आधी लाल असतो. लाल, टाचणीएवढा. तुला दाखवीन यंदा. इतकी वर्षं नाक मुरडून गेलीस, यंदा वाकून बघायला लावते.”

त्यानंतर मी परत प्रयत्न केला नाही.

पाचव्या आठवड्यात त्या पायरी उतरल्या. ढगाळ, उकाड्याची सकाळ होती. व्यायामाची मुलगी टाळ्या वाजवत पुढे, मी मागे. वन्संनी सात पावलं कशी टाकली ते मी बघितलं नाही, मी मोरीकडे बघत होते. त्या भिंतीपाशी पोचल्या, मी खुर्ची सरकवली, त्या बसल्या. घामानं चेहरा भिजला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूष बघितलं नव्हतं. मुलगी पुढच्या घरी जायचं म्हणून निघून गेली.

वन्संनी वाकून पहिल्या कुंडीवरचा दगड उचलला, मांडीवर ठेवला आणि मातीत बोट घातलं. बोट सहज आत गेलं. त्या थांबल्या. चिमूटभर माती काढून दोन बोटांत चोळली. मग दुसरा दगड उचलला. मग तिसरा. तिसऱ्या कुंडीतली माती त्यांनी तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं पसरून बघितली.

“चाळलीस,” त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. ताडपत्री, चाळण, माझी सात झाडं, कचऱ्याची गाडी, डेपो, सर. मधे मधे मला रडू येत होतं आणि मी तरी सांगत होते. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी तळहातावरची माती कुंडीत परत टाकली.

“टाकलेस तेव्हा हाताला कसे लागले?”

“कोण?”

“कंद. मऊ होते की घट्ट?”

मी आठवलं. मऊ होते म्हणाले असते तर चाललं असतं. उन्हाळ्यातच कुजून गेले होते असं वाटलं असतं त्यांना. पण आता खोटं बोलवेना.

“घट्ट होते,” मी म्हटलं.

“म्हणजे चांगले होते,” त्या म्हणाल्या, आणि तिन्ही दगड जिथल्या तिथे ठेवले.

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, वन्सं, शिव्या द्या, घरातून हाकला, पण बोला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू माझ्यासाठीच केलंस,” त्या म्हणाल्या. “चल, आत ने मला. दमले.”

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा वन्सं पलंगावरून उठल्या नाहीत. “आज राहू दे,” म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही राहू दे. आठव्या दिवशी मुलगी वैतागली. “आजी, पाय आखडतील. परत चालता यायचं नाही.” वन्संनी तिला शांतपणे विचारलं, “आता कुठं जायचंय, बाळ?” तिनं वॉकर भिंतीला लावून ठेवला. पंधरा दिवसांनी ती यायची बंद झाली. पाय आखडलेच.

आणि त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या, असं म्हणावं तर तसंही नाही. उलट छान बोलू लागल्या. चहा दिला की म्हणायच्या, “छान झालाय.” कपडे घडी करून ठेवले की म्हणायच्या, “किती करतेस गं.” भांडारवाली म्हणणं थांबलं. मी एकदा चहात साखरच घातली नाही. त्यांनी पूर्ण कप संपवला आणि छान झालाय म्हणाल्या. पाहुण्यानं परक्या घरात बोलावं तसं त्या माझ्याशी बोलत होत्या. ज्या घरात त्या जन्मल्या त्या घरात.

पाऊस आला. सात कुंड्यांतून गवत उगवलं, ते मी उपटलं नाही. सर एकदा येऊन गेले. वन्संनी त्यांची विचारपूस केली, झाडाचा विषय काढला नाही.

पाऊस उघडला की दुपारी मी वन्संना चाकाच्या खुर्चीतून मागच्या दारात आणून बसवते. समोर माझ्या बाजूला गुबगुबीत झाडं. पूर्वी मी त्यांना तांब्याभर पाणी जास्त घातलं तर वन्सं आतल्या खोलीतून ओरडायच्या, नळाच्या आवाजावरून ओळखायच्या. म्हणून मी एक दिवस नळी लावली. त्यांच्यासमोर उभी राहून माझ्या एकेका कुंडीत पाणी सोडलं, काठावरून वाहीपर्यंत. वन्सं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी परत सोडलं. रोज सोडलं. दहा दिवसांत निळसर गुलाबाची पानं पिवळी, पारदर्शक झाली आणि हात लावला की गळू लागली. कोरफडीचा बुंधा मऊ पडून ती आडवी झाली. मण्यांच्या माळांचं पाणी झालं. अंगणात कुजका वास सुटला. मी नळी धरून उभीच.

शेवटी मीच ओरडले. “वन्सं, दिसत नाही का तुम्हाला? सगळी सडवतेय मी! बोला ना काहीतरी!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता तोंड उघडतील, आता एकतीस वर्षांचा तो आवाज लागेल आणि शेजारपाजार गोळा होईल. मी नळी घट्ट धरून वाट बघत होते.

“पाण्यात किती वेळ उभी राहशील,” त्या म्हणाल्या. “आत ये. पाय पूस. सर्दी होईल तुला.”